बादलीकाकूंचं तळघर

काकूंचा मॉपवर विश्वास नव्हता. उभा जन्म इंग्लंडात काढूनही तो बसला नाही. "मॉप म्हणजे घाणीला गावभर फिरवून आणणं," असं त्या म्हणत, आणि रोज सकाळी चहाच्याही आधी एक लाल बादली आणि मिरजेहून आणलेला तांब्या घेऊन दारापुढच्या पायऱ्या धूत. उन्हाळ्यात ठीक होतं. पण लीड्सच्या जानेवारीत त्या पाण्याचा बर्फ व्हायचा, आणि आमचा पोस्टमन टपाल बगलेत मारून, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी चढायचा. काकू दार उघडून त्याला सांगायच्या, "केअरफुल, लव्ह. इट्स व्हेरी क्लीन." लीड्सच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव बादलीकाकू पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे की आवडतही होतं.

मी नागपूरची. दोन हजार सालानंतर आयटीवाल्यांची जी फौज व्हिसा घेऊन विलायतेत उतरली, त्यातलीच एक. काकूंच्या घरात माळ्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती. त्या मुलांच्या डॉक्टर, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. काका, तेही डॉक्टरच, आधीच गेलेले. भाजी आणायला त्यांच्याबरोबर गेलं की दाढी-मिशावाले बाप्ये वाटेत थांबून "हॅलो, डॉक्टर" म्हणत, आणि काकू त्यांच्या बायकांना नवऱ्यांच्या लहानपणीच्या जुलाबांची हकिगत सांगत. अख्ख्या गावाची पोरं या बाईने सांभाळली, पण स्वतःची नातवंडं मात्र त्यांच्याकडे राहत नव्हती.

त्यांचा मुलगा अजित ब्रिस्टलला इंजिनिअर होता. बायको एमा, मुलगा रोहन, धाकटी माया. वर्षातून एकदा ती मंडळी येत आणि जवळच्या हॉटेलात उतरत. तिथे पोहायचा तलाव होता. काकूंच्या बैठकीत काय होतं? काचेचं कपाट, कपाटात चिनी मातीची हरणं, सोफ्यावर क्रोशाचे रुमाल. एकदा मी जिन्यावरून उतरत होते आणि काकू चहाचा ट्रे घेऊन दाराशी थांबल्या होत्या. आतून माया आईला सांगत होती की आजीच्या घरी काहीच करायला नसतं, कशाला हात लावायचा नसतो. काकूंनी ट्रे आत नेला, सगळ्यांना चहा दिला. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "खरं बोलते गं कार्टी."

त्याच दिवशी अजितने विषय काढला. तो इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी जरा लंगडत चालायचं. "आई, हा घर खूप मोठा आहे. तू विक आणि ब्रिस्टलला ये. फ्लॅट बघितला आहे मी. लिफ्ट आहे. माझा वरी, म्हणजे काळजी, कमी होईल."

काकू म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीला पोरं इथे, माझ्या घरात, राहिली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. हॉटेलात गेली तर मी येते तुझ्या लिफ्टमध्ये."

हे त्या नुसतं रागाने बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या धुऊन झाल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली आणि मला तळघरात नेलं. लीड्सच्या त्या जुन्या रांगेतल्या घरांना खाली एक तळघर असतं. पूर्वी कोळसा ठेवायला होतं, आता नको असलेलं सगळं ठेवायला. काकूंच्या तळघरात तांदळाची पोती, काकांच्या सुटकेसी, एक मोडका पाळणा आणि ओलीचा कुबट वास होता. एका बाजूला मांस थंड ठेवायचा भला थोरला दगडी ओटा. कोळसा ओतायच्या भोकातून जरासा उजेड यायचा. "इथे पोरांची खोली करायची," काकू म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

कामाला बॅरी नावाचा यॉर्कशरचा बिल्डर आला. उठता-बसता तो काकूंना 'लव्ह' म्हणायचा; पोस्टमनला त्या म्हणत तो शब्द तिथल्या अशाच लोकांकडून उचललेला. काकू त्याच्या कामाकडे पेशंटकडे बघावं तसं बघत. सकाळी खाली जायच्या, पोराचा ताप बघतात तसा हाताचा मागचा भाग भिंतीला लावायच्या आणि विचारायच्या, "आज कसं काय?" बॅरी गंभीरपणे सांगायचा, "बेटर टुडे, डॉक्टर." ओल हटली, भिंती पांढऱ्या झाल्या, कोळशाच्या भोकाला जाड काच बसली आणि खाली खरंखुरं ऊन आलं. बॅरी ओटा फोडायला निघाला होता. काकूंनी फोडू दिला नाही. "चकल्या कुठे घालू?" त्यांनी त्याला विचारलं. बॅरीने हातोडा खाली ठेवला.

सजावटीवरून मात्र आमचं वाजायचं. मी मासिकं बघून ठरवलेलं, क्रीम रंगाचा सोफा, लाकडी दिसणारी जमीन, लपवलेले दिवे. काकूंना पोलादी कपाट हवं होतं. "खोली दाखवायला नको, लोळायला हवी," हे त्यांचं एकच म्हणणं. सोफ्यावर त्यांनी हार मानली, पण तो गर्द निळा घ्यायला लावला, डाग दिसू नयेत म्हणून. लाकडी जमीन माझ्या हट्टाने झाली. खोली पुरी झाली तेव्हा, खोटं कशाला सांगू, आम्ही दोघी त्या सोफ्यावर बसून नुसत्या इकडेतिकडे बघत राहिलो. इतकी देखणी झाली होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर तळघरातून पाण्याचा आवाज. खाली गेले. काकू साडी खोचून उभ्या, आणि जमिनीवर घोट्याएवढं पाणी. नवीन खोली, वर सणाचे दिवस. न धुता त्यात देवाचा दिवा कसा लावायचा? जुन्या तळघरात कोपऱ्यात एक मोरी होती, पाणी तिकडे जाईल असा त्यांचा हिशेब. पण बसायच्या खोलीत मोरी कशाला, म्हणून बॅरीने ती लाकडाखाली बुजवली होती. कुठलाही इंग्रज बिल्डर तेच करेल. आणि लाकडावर बादल्या ओतायचं कुठल्याही इंग्रज बाईच्या स्वप्नातही येणार नाही. आम्ही टॉवेलांनी पाणी टिपलं, पण दोन-चार दिवसांत जमीन पापडासारखी फुगली.

बॅरीने ती बघितली, टोपी काढली आणि परत घातली. "दिवाळीच्या आत दुसरी होणार नाही, लव्ह," असं त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. काकू तळघराच्या जिन्यावर बसल्या. "फोन कर अजितला," त्या म्हणाल्या. "सांग, येते लिफ्टमध्ये."

मला संताप आला. "मी नाही करणार," मी म्हटलं. "इतकी वर्षं लोकांच्या पोरांना सुया टोचल्यात तुम्ही, आणि एका फळीला घाबरता? बॅरी, टेक इट आउट. ऑल ऑफ इट."

फळ्या निघाल्या. खाली मूळची दगडी फरशी निघाली, झिजून गुळगुळीत झालेली, आणि कोपऱ्यात ती मोरी. बॅरीने तिचं तोंड मोकळं केलं. काकूंनी एक तांब्या पाणी ओतून बघितलं, ते गडगडत निघून गेलं, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यावर आम्ही सतरंज्या टाकल्या, खोली गरम ठेवणारा रेडिएटर वाढवला, सोफा कडेला सरकवला. मासिकातली खोली गेली होती. उरलं होतं ते पुष्कळसं मिरजेच्या घरातल्या माजघरासारखं होतं.

शनिवारी दुपारी मंडळी आली, हॉटेलचं बुकिंग करूनच. रोहन कोपऱ्यात हातातला गेम घेऊन बसला. काकूंनी एक सतरंजी गुंडाळली आणि मायाला रांगोळी शिकवायला घेतली. पोरीच्या मुठीतून रंग भसकन सांडला, सावरायला गेली तर फूल पुसलं. ती घाबरून आईकडे बघत म्हणाली, "सॉरी आजी, मी मेस केली."

काकू उठून गेल्या आणि लाल बादली भरून घेऊन आल्या. तिच्यापुढे ठेवली. "ओत."

मायाला कळेना. एमालाही कळेना.

"अगं ओत की! सगळी ओत."

मायाने बादली कलंडली. लाल, पिवळा, निळा, सगळे रंग एकमेकांत धावत मोरीकडे निघाले, आणि फरशी पुन्हा कोरी. पोर किंचाळलीच. "अगेन!" रोहनचा गेम बाजूला पडला. मग जे चाललं ते काय सांगू! काढा, ओता, काढा, ओता. घराच्या आत, मोठ्यांच्या देखत, बादल्याच्या बादल्या पाणी. असलं काही ब्रिस्टलमध्ये नव्हतं आणि त्या हॉटेलच्या तलावातही नव्हतं. अजित पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जिन्यावर बसला होता. गाडीची किल्ली त्याने कधीतरी ओट्यावर, चकल्यांच्या शेजारी ठेवून दिली.

दिवे लागले तेव्हा एमा वर आली आणि म्हणाली, मुलं खाली झोपायचं म्हणताहेत, हॉटेलला फोन करते. काकू नुसतं "ओके, लव्ह" म्हणाल्या आणि सिंककडे तोंड करून नळ सोडून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रडत आम्ही दोघी होतो.

लिफ्टचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे मला लंडनला, ईलिंगकडे नोकरी मिळाली. निघताना काकू म्हणाल्या, "नवं घर घेशील तेव्हा मोरी कुठे आहे ते आधी बघ. बाकी सगळं नंतर करता येतं." मग काही वर्षांनी त्या गेल्या, त्याच घरातून. अजितने घर विकलं असेल असं मी धरून चालले, आणि विचारायचा धीर कधी झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी लीड्सला गेले होते. पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. रांगेतल्या बाकीच्या घरांच्या पायऱ्या मळकट, कोरड्या. काकूंच्या घराच्या चकाकत होत्या. मी खाली उभी राहून बघत होते, तेवढ्यात दार उघडलं. कॉलेजातली वाटावी अशी एक उंच मुलगी, डोळे थेट काकूंचे, हातात रिकामी लाल बादली. तिने मला ओळखलं नाही.

"केअरफुल," माया म्हणाली. "इट्स व्हेरी क्लीन."

मी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि वर चढू लागले.