माझं पथ्य आणि सुमन

चार वर्षं आमच्या घरात शुगर तपासायचं मशीन होतं, आणि सुमनच्या बोटाला ते एकदाही लागलं नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सुमन म्हणजे माझी बायको. मी केजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, तेव्हा या ग्रुपवरच्या तुमच्यापैकी कितीतरी जण गाडीची चौकशी करायला यायचे आणि मी खेकसायचो. घरीही तसाच होतो.

रिटायर झालो आणि शुगर निघाली. दात काही तंबाखूनं नेले, उरलेले शुगरनं. कवळी बसवली तर ती टोचायची, म्हणून ती कपाटात ठेवून दिली.

डॉक्टर म्हणाले, भाकरी, भात, साखर कमी करा. भाज्या, अंडी, पनीर खा. काकडी-गाजराचं सॅलड भरपूर खा.

मी म्हटलं, "सॅलड काय हिरड्यांनी चावू का?"

डॉक्टर हसले. सुमन हसली नाही. ती विचार करत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट बदललं. दुधीचं भरीत. चुक्याची भाजी घोटून केलेलं गरगट, वर लसणाची फोडणी. अंड्याची मऊ भुर्जी, चमच्यानं खाण्यासारखी. घरच्या दुधाचं पनीर कुस्करून त्यात जिरं-मिरची. कधीतरी मुगाचं धिरडं, तेही एकच.

पहिले पंधरा दिवस मी रोज भांडलो.

"भाकरीबिगर जेवण असतंय का? पार म्हातारं केलंस मला."

"झालातच की म्हातारे. गुमान खावा."

ती समोर बसून वाढायची. तूही बस म्हटलं की म्हणायची, "तुमी जेवा, मी बसते मागून." खरं सांगतो, बस असं मी फार वेळा म्हटलंही नाही.

कुणाकडून पुरणपोळी आली, लग्नातले बुंदीचे लाडू आले, की डबा उचलून ती आत न्यायची.

"तुमच्या नजरंपुढं नको. मी संपवते. अन्न कशाला टाकून द्यायचं?"

माझ्यासाठी जे जे बंद झालं, ते सगळं तिच्या ताटात गेलं. सकाळची गार भाकरी, उरलेला भात, लोकांचे लाडू. आम्हा दोघांनाही वाटायचं, शुगर माझी आहे. घरात एकाला असली की दुसऱ्याचा काही संबंध नाही, असंच धरून चाललो.

माझा रिपोर्ट सुधारला. डॉक्टर म्हणाले, "काका, कमाल केली तुम्ही."

मी रिपोर्ट हातात धरून इथंच फोटो टाकला होता. खाली इच्छाशक्ती वगैरे लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलंत.

तो फोटो सुमननं काढला होता.

तेव्हाच ती वाळत चालली होती. पाणी इतकं प्यायची की दिवसातून दोनदा माठ भरायची. मी चेष्टा केली, "डाएट माझं चाललंय अन् बारीक तू होतीस."

"ऊन लई हाय औंदा," एवढंच म्हणाली.

मग शेतात कापलेल्या तुरीचा खुंट तिच्या पायात घुसला. तिनं हळद भरून चिंधी बांधली. तीन आठवडे लंगडत माझं पनीर करत राहिली. मी विचारायचो, दुखतंय का? ती म्हणायची, न्हाई. मला तेवढं उत्तर पुरायचं.

ताप उतरेना, तेव्हा अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "चार वर्षं झाली."

"तुमची नाही काका. यांची."

सहाव्या दिवशी ती गेली.

पोरगा पुण्याहून रोज फोन करतो. "पप्पा, जेवलात का?" मी हो म्हणतो.

पथ्य चालू आहे. दुधी मीच शिजवतो, मीच घोटतो. टीव्ही लावून ठेवतो, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. शुगर अगदी बरोबर येते, आणि ते सांगायला घरात कुणी नाही. लई एकटं वाटतं. हे लिहायला लाज वाटत होती, पण लिहिलं.

आज वर्षश्राद्ध. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या ताटात वाढायची आमच्याकडे पद्धत आहे. सकाळी माझ्या बहिणीनं विचारलं, "दादा, वैनीला काय आवडायचं?"



सुमनच्या हातचे कितीतरी पदार्थ मला सांगता आले असते. पण ते सगळे माझ्या आवडीचे. छत्तीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि तिला काय आवडतं हे मला माहीत नव्हतं.

युसूफ वडगावहून तिची थोरली बहीण आली होती. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या म्हणाली,

"तव्यावरली गरम भाकरी. माहेरात चुलीपशीच बसून खायची, उतरली की लगीच. हितं आल्यावर गरम कुठली? समद्यांचं झाल्यावर बसायची ती."

ती रागानं बोलली नाही. मला मान वर करता येईना.

माझ्या बहिणीनं भाकरी थापली. टम्म फुगली. तव्यावरून उतरली तशी मी हातात घेतली. बोटं पोळली. भावकीतले लोक हात धुऊन पानांवर बसले होते, त्यांना म्हटलं, जरा थांबा.

ताट तिच्या फोटोपुढं ठेवलं. भाकरीतून वाफ निघत होती.

सुमन, आज सगळ्यांच्या आधी तू जेव. गार व्हायच्या आत जेव.