सोपानभाऊंचं फाटक

वलवणच्या सोपानभाऊंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यांच्या अंगावरून वारं गेलं असावं. उजवा खांदा खाली, डावा वर, आणि पारावर बसले तरी एकाच मांडीवर बसल्यासारखे. वारंबिरं काही गेलेलं नाही. उभी हयात लोणावळा ते पवनानगर पॅसेंजर भरून अँबॅसिडर हाकली, त्याची ती खूण आहे.

त्या गाडीत पुढं अख्खं सलग बाकडं होतं आणि गिअरची दांडी स्टेअरिंगलाच. म्हणजे मधली जागा मोकळी, आणि मोकळी जागा सोपानभाऊंच्या डोळ्यांत सलायची. पुढं चौघं कोंबायचे आणि पाचवे स्वतः, अर्धे बाकड्यावर, अर्धे दारावर, कोपर खिडकीबाहेर. सीटबेल्टचा पट्टा कसला घेऊन बसलात, दार नीट लागलं तरी देव पावला म्हणायचा!

पण माणूस बेफिकीर नव्हता. ब्रेकवर पाय पडला रे पडला, की त्यांचा डावा हात आपोआप आडवा जायचा आणि शेजारच्यांना बाकड्याला दाबून धरायचा. "पडलं सोपानभाऊंचं फाटक!" असं म्हणून लोक हसायचे. दुधिवरे खिंडीच्या उतारावर एकदा म्हैस आडवी आली, तेव्हा कुणा बाईच्या मांडीवरचं तान्हं पोर त्याच हातावर येऊन अडकलं. काच वीतभरावर होती. आई रडत राहिली, पोर मात्र हसत होतं. त्या दिवशी सोपानभाऊंना घास गेला नाही.

मुक्ताबाई, म्हणजे त्यांची बायको, कायम मागं. पुढची जागा पॅसेंजरची, घरचं माणूस मागं, हा त्यांचा नियम होता. माहेरी जायचं असो की बाजारला, ती पाट्या-बोचक्यांत दबून बसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही.

आता अँबॅसिडर अंगणात ताडपत्रीखाली असते. दसऱ्याला आंघोळ आणि झेंडूचा हार, बाकी वर्षभर कोंबड्यांना सावली. कधी पुण्याहून लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. एकीनं आत बसून विचारलं होतं, "काका, यात बेल्ट कुठंय?" सोपानभाऊंनी डावा हात वर करून दाखवला. तिला काय ते कळलं नाही.

थोरला कैलास तळेगावला कारखान्यात आहे. त्यानं नवी गाडी घेतली, आणि त्याच वर्षी मुक्ताबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायामासाठी तिला तळेगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पाय दुमडत नव्हता, म्हणून पुढची सीट मागं सरकवून तिला पुढंच बसवावं लागे. कैलासनं चावी दिली ती अट घालून.

"आबा, पट्टा न लावता एकदा जरी दिसलात, तर मी ड्रायव्हर ठेवीन."

परका कुणी मुक्ताबाईला नेणार आणि आपण कोंबड्या राखत अंगणात बसणार, हे सोपानभाऊंच्या जिवाला लागलं. ते मुकाट्यानं हो म्हणाले. पण सुंभ जळला तरी पीळ जळतो थोडाच? पट्टा लावला की तो माणसाला ओढून सीटच्या मधोमध बसवतो, आणि मधोमध बसलं की त्यांना दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखं वाटायचं. नाही लावला तर गाडी कोकलते. मग त्यांनी पट्टा पाठीमागून घेऊन खाचेत अडकवला आणि स्वतः त्याच्यापुढं, दाराला टेकून, बसले. गाडी गप्प, कैलास खूश. मुक्ताबाईनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं, पण घरी चुगली केली नाही. तिलाही परक्याच्या गाडीत बसायचं नसावं.

एके दिवशी दवाखान्याला जाताना कार्ला फाट्याजवळ दोन पर्यटक मोटारसायकलवरून एकदम आडवे घुसले. सोपानभाऊंनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पोरं हात हलवत निघून गेली. सोपानभाऊंची छाती मात्र स्टेअरिंगवर आदळली आणि श्वास कोंडला. डावा हात मुक्ताबाईपुढं आडवा होता.

"लागलं का गं?" आवाज फुटल्यावर त्यांनी आधी तेच विचारलं.

"मला काय लागतंय? मला पट्ट्यानं धरलंय." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "तुमाला कुनी धरलं?"

मागं हॉर्न वाजायला लागले. सोपानभाऊ हात काढून घ्यायला गेले, तर तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"ऱ्हाऊ द्या जरा. वाजू द्या त्यांना." ती म्हणाली. "मागं बसून लय बघितलाय ह्यो हात. कुनाकुनाच्या बायका धरल्या, कुनाकुनाची पोरं धरली. कैलास पोटात व्हता तवा बी मी मागंच. वाटायचं, आपल्याम्होरं कवा यायचा ह्यो हात? आन् आता कुटं आला, तर तुमी छाती फोडून घ्यायला निगालाय व्हय?"

सोपानभाऊंना भरून आलं. एवढी वर्षं मागून कुणी आपल्याकडं बघत होतं, आणि आपण आरशात फक्त रस्ता पाहिला. त्यांनी गाडी कडेला घेतली, पट्टा सोडवून छातीवरून ओढला. दुखऱ्या बरगडीवरून तो गेला तेव्हा ते कण्हले. मुक्ताबाईनंच तो खाचेत बसवला. अंग मधोमध सरकलं.

"कैलासला सांगनार का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"पट्ट्याचं न्हाई सांगायची," ती म्हणाली. "छातीचं डाक्टरला मातर सांगनार."

गाडी निघाली. कामशेतच्या अलीकडं गतिरोधक आला. गाडी आधीच गोगलगायीच्या चालीनं चालली होती, ब्रेक दाबायचं काही कारण नव्हतं. सोपानभाऊंनी तरी दाबला, आणि डावा हात आडवा गेला.

"पडलं बाई फाटक," मुक्ताबाई म्हणाली.