डोंग्यावर बसणारी माणसं

दारूच्या दुकानात किस्से एवढे का साचतात, सांगू? रोज तीच माणसं, तीच जागा, आणि घरातलं खरं काही बोलायचं नाही! मग कालचाच किस्सा आज थोडा वाढवून सांगायचा. मी सिहोऱ्याकडच्या एका गावात मास्तर होतो. रिटायर झालो आणि रोज पाचच्या ठोक्याला गावच्या देशी दारूच्या दुकानात हजर राहू लागलो. शाळेत इतका वेळेवर कधी गेलो नाही.

हसू आलं तर हसा. मला आताशा येत नाही.

*

दुकानाच्या पाटीवर 'सरकारमान्य' वगैरे लिहिलंय, पण अख्खं गाव त्याला 'डोंगा' म्हणतं. मालक बंडूभाऊ. त्याचा आजा याच जागेवर मोहफुलाची दारू गाळायचा. पुढे लायसन्स आलं, सीलबंद बाटल्या आल्या, भट्टी गेली. जुनं म्हणावं असं एकच उरलं, पडवीतला बाक. तो म्हणजे तलावातला लाकडी डोंगा, छोटी होडीच, पालथा घातलेला! डोमाजीच्या आजानं तो इथं आणून टाकला होता. डोमाजी तलावावर जाळं टाकायचा. माझा पहिलीपासूनचा दोस्त.

एकदा आमच्यातल्या नामदेव टेलरनं त्याला डिवचलं, "काबे डोमा, तुह्या आजानं पेण्यासाठी डोंगा देऊन टाकला म्हणते!"

डोमाजी शांतपणे म्हणाला, "देला नाई बे, आणून ठेवला. आजा बसला, बाप बसला, आता मी बसून राहिलो. तीन पिढ्या झाल्या, पण किनारा काई आला नाई!"

आम्ही पोट धरून हसलो. डोमाजी सगळ्यात जास्त हसला.

*

पडवीच्या दुसऱ्या टोकाला चूल होती, डोमाजीच्या बायकोची. कौसल्याबाई. नवऱ्यानं आणलेल्या मासोळीला तिखट, हळद, मीठ चोळायचं आणि जवसाच्या तेलात खरपूस तळायचं. मासोळी नसेल त्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे. पंचक्रोशीतले लोक म्हणायचे, डोंग्यावर दारू वाईट मिळते, पण मासोळीसाठी जावं लागतं.

ती काही धंदा करायला आली नव्हती. नवरा उपाशीपोटी पितो म्हणून आधी ती घरून ताट घेऊन यायची. आम्ही त्याच्या ताटात हात घालायला लागलो, तेव्हा तिनं चूलच तिथं मांडली. तिचा एक नियम होता. डोमाजीनं आधी दोन वडे खायचे, मग गिलासाला हात लावायचा. नवऱ्याला थांबवता येत नव्हतं, म्हणून ती त्याला जेवू घालत होती.

एकदा नागपूरचा एक साहेब गाडी थांबवून आत आला. रुमालानं डोंगा पुसला, बसला आणि म्हणाला, "बाई, मासोळी ताजी आहे ना?"

कौसल्याबाईनं मानही वर केली नाही. "सकाळी जित्ती होती, साहेब. तुमच्या बाजूले बसले हायेत, त्याईच्यापेक्षा तं ताजीच हाये!"

बाजूला मी आणि डोमाजी होतो.

*

एका सकाळी मी डोमाजीकडे गेलो. कौसल्याबाई पाणी घेऊन येत होती. डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवायच्या आधी तिनं कोनाड्याकडे पाहिलं. तिथं एक सीलबंद बाटली उभी होती. बाईचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, घरात काही चांगली बातमी आहे!

"बाटली उभी हाये, गुरुजी! आज माह्या माणूस माणसात हाये. बसा, चहा मांडतो."

डोमाजीची सवयच होती. घरी नेलेली बाटली संपली की तो ती खाटेखाली आडवी टाकायचा. "आडवी दिसली का चूल पेटवाचं मनच होत नाई पाहा," ती म्हणाली.

मी हलकटानं ते संध्याकाळी दुकानात सांगितलं. नामदेव ओरडला, "म्हंजे वहिनीचं हवामान खातं हाये हे!" तेव्हापासून आमचा रामरामच बदलला. डोमाजी आला की सगळे एका सुरात विचारायचे, "काय डोमाजी, आज उभी का आडवी?"

चुलीपाशी तिला ते रोज ऐकू जायचं.

*

मग डोमाजीचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. मी आणि नामदेव त्याला तुमसरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "यापुढे एक घोटही चालणार नाही. प्यायला तर जाईल. सांभाळा त्याला."

एसटीनं परत आलो. स्टँडवरून डोमाजीच्या घराकडे जाताना डोंगा आधी लागतो. डोमाजीला धाप लागली होती, म्हणून जरा टेकलो. आता टेकलोच आहोत, तर याची दारू कशी सोडवायची ते ठरवून टाकू, असं नामदेव म्हणाला. विषय गंभीर होता, म्हणून आम्ही एकेक मागवली. चर्चा लांबली, म्हणून आणखी एकेक!

डोमाजी मधोमध बसला होता, समोर काही नाही. आळीपाळीनं आमची तोंडं बघत होता. शेवटी म्हणाला, "मंग? काय ठरलं माह्यं?"

काहीच ठरलं नव्हतं. आठ दिवसांत त्याच्याही समोर गिलास आला. तो कोणी सरकवला, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

*

त्याच सुमारास गावातल्या बायका उठल्या. दुकान बंद करा! अर्ज गेले, सह्या झाल्या, मतदान लागलं. मत फक्त बायकांनी द्यायचं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवे होते.

बायकांच्या सभा समाजमंदिरात व्हायच्या, संध्याकाळी पाच वाजता. कौसल्याबाईची चूल पेटायची वेळ तीच. तिला कोणी बोलवायलाही आलं नाही. तिचं पोटच दुकानावर, ती कशाला बंद करेल, असं त्या म्हणाल्या. आणि बंडूभाऊही छाती ठोकून म्हणाला, "कौसल्याबाईचं मत तं आपलंच हाये!"

तिला कोणीच काही विचारलं नाही. मी पंधरा दिवस तिच्यापासून चार हातांवर बसून मासोळी खात होतो. मीही नाही.

निकाल लागला. आडव्या बाटलीला चार मतं कमी पडली. दुकान वाचलं! त्या संध्याकाळी बंडूभाऊनं सगळ्यांना फुकट पाजली. डोमाजीच्या हातात गिलास ठरत नव्हता, तर नामदेवनं तो धरला. कौसल्याबाई झारा हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिली. आम्हाला वाटलं, खूश झाली.

दिवाळीपर्यंत डोमाजी गेला.

*

महिनाभरानं कौसल्याबाईनं पुन्हा चूल मांडली. दुसरं करणार काय? मी एकटाच होतो. डोंग्यावर डोमाजीची जागा सोडून बसलो होतो. तिनं ताटलीत दोन वडे आणून ठेवले. नेहमीसारखी परत गेली नाही, उभीच राहिली.

"गुरुजी, तुमी शिकलेले हा, म्हणून इचारतो."

"विचारा ना, वहिनी."

"त्या मताच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या आमी पाच जणी संग गेलो होतो. त्या चौघीयचेही माणसं इथंच बसतेत. त्या बायाईले कागदावरचं काई समजून नोहोतं राहिलं, तं मीच सांगतलं. म्हटलं, ज्या घरी बाटली उभी, त्या घरी माणूस पेला नाई. पाचही जणीनं देवाचं नाव घेऊन उभीवर शिक्का मारला." तिनं पदरानं हात पुसले. "मंग दुकान काहून बंद नाई झालं, गुरुजी?"