बाकी तीन

भाची ओट्याशी उभी राहून सत्तावीस भागिले चार करत होती. पोळी लाटता लाटता मी म्हणाले, "चार सक चोवीस, बाकी तीन. झालं, मार रेघ."

"आत्या, बाकी ठेवायची ती तिसरीत! आता टिंब द्यायचं, शून्य घ्यायचं आणि पुढे जायचं."

पेन्सिल चालत राहिली. सहा टिंब सात पाच, आणि खाली स्वच्छ शून्य.

मी मात्र 'भाग जात नाही' म्हणून फार लवकर रेघा मारत आले. ताईशी धरलेला अबोला हीसुद्धा अशीच एक बाकी, आणि ती काही तिसरीतली नाही.

मी गॅस बंद केला, पिठाच्या हातानंच फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली.

टिंब पडलं होतं. आता शून्यापासून घ्यायचं.