थोरलीचे पक्के हात

इस्त्रीच्या दुकानात दोघी जावा समोरासमोर उभ्या राहून काम करायच्या. धाकटीच्या मानेतली नस दबली, हातात कळा यायला लागल्या आणि घराचं तंत्रच बदललं. सासूबाई तिची मान शेकत बसायच्या, नवरा तिला साधी बादली उचलू द्यायचा नाही, आणि शर्टांचा ढीग मात्र आपसूक थोरलीच्या टेबलावर यायचा. थोरलीचा नुसता जळफळाट. हिचं दुखणं ते दुखणं, आणि आम्ही काय दगडाच्या? धाकटी कण्हली की थोरली मनात म्हणायची, झालं सुरू नाटक.

थोरलीला मधुमेह होता, पण गोळ्या आठवल्या तर घ्यायची. आधी पाय बधिर झाले, मग बोटं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. ओलं बोट इस्त्रीला टेकवायचं, चुर्र झालं की तापली समजायचं, ही त्यांची रीत. ज्याला चटका बसत नाही त्याचा हात पक्का. धाकटी अजून बोट झटकन मागे घेते, आपण नाही, म्हणून थोरली भलतीच फुशारून जायची.

एका दुपारी ती अशीच तणतणत कॉलर दाबत होती. जळका वास आला. तिनं आधी कापड बघितलं. कापड धड होतं. इस्त्री तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर टेकली होती. किंचाळली ती धाकटी.

डॉक्टरांनी पट्टी बांधली. मग उजव्या हाताशी टाचणी घेऊन म्हणाले, डोळे मिटा, टोचलं की सांगा. थोरली वाट बघत बसली.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "केव्हाचं टोचतायत ते."

डॉक्टरांनी समजावलं, दुखणं म्हणजे नसांची बोंब. धाकटीची नस दबली म्हणून ओरडते. हिच्या नसांची साखरेनं बोलतीच बंद केली. साखर सांभाळा, पण गेलेलं परत येईलच असं नाही. थोरलीला त्या घडीला धाकटीच्या कळांचासुद्धा हेवा वाटला.

घरी सासूबाईंनी तिला जवळ बसवलं, तिचा धड हात मांडीवर घेतला आणि बोटांवरून हात फिरवत राहिल्या. एवढ्याचसाठी तर ती इतके दिवस झुरत होती. थोरली एकटक तिकडे बघत राहिली. नजर काढली तर सासूबाईंनी हात धरलाय की सोडला, हे तिला कळत नव्हतं.