ठकूबाईचा टोप

कापडे गावात लग्न कुणाचंही असो, भात ठकूबाईनेच शिजवायचा, ही तीस वर्षांची रीत. पितळी टोपही तिचाच, दीडशे पानं जेवतील एवढा. नवऱ्याने तो महाडहून आणला आणि त्याच पावसाळ्यात नवरा तापाने गेला. तेव्हा टोपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या सयाजीचा मुलगा लग्नानंतर महिन्याभरात घाटातल्या अपघातात गेला. पाठोपाठ वाडीतली एक नवरी कायमची माहेरी परतली. मग कुणाला तरी ठकूबाईचा नवरा आठवला आणि बोलणं टोपावर आलं.

बहिणीच्या लग्नाचं सांगायला आलेला शेजारचा दीपक मान खाली घालून म्हणाला, "काकी, भात तूच कर. टोप तेवढा नको. मी पोलादपूरवरनं भाड्याने आणतो."

"का रे?"

"लोक बोलतात. मी नाय मानत."

ठकूबाईची भाची सेजल दवाखान्यात नर्स. ती चिडली. "मावशी, सगळ्याच लग्नांत हा टोप होता, मग बिघडलेल्या लग्नांतही तोच असणार. चांगली किती झाली ते मोज ना!"

दोघी मोजायला बसल्या. आठवली तेवढी सत्त्याऐंशी लग्नं. अकरा घरांत काहीतरी वाईट झालेलं.

"बघ, शहात्तर घरं नीट!"

ठकूबाईला पटलं. मग ती म्हणाली, "पण नीट म्हंजे काय गो? यमुनीचा नवरा पितो. तिला कुठं धरलीस?"

सेजलने मोजणं सोडून दिलं.

दीपकच्या बहिणीच्या लग्नात भाड्याच्या टोपात भात खाली लागला. वरातीत नाचताना नवऱ्याच्या भावाचा पाय मोडला. बायका म्हणाल्या, "बरं झालं, तो टोप नव्हता. नायतर जीवच गेला असता."

"नव्हता तरी त्याचंच नाव?" ठकूबाईने सेजलला विचारलं. सेजल हसली. ठकूबाईला हसू आलं नाही.

चैत्रात देवीचा भंडारा आला, तसा दीपक पुन्हा दारात. "काकी, टोप पायजे."

"देवीला चालतो?"

"देवीला काय होणार हाय?"

गाव पोटभर जेवलं. कुणाला काही झालं नाही.

वैशाखात तीन लग्नं होती. दोघांनी टोप मागितला, एकाने नको म्हटलं. मागणाऱ्यांना ठकूबाईने दिला. पण नवरानवरी सुखरूप घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत तिन्ही वेळा, टोप नव्हता तिथेही, ती जेवायला बसली नाही. भीती टोपाची वाटते की लोकांची, हे सेजलने खोदून विचारलं तरी तिला सांगता आलं नाही.