जपून ठेवलेलं रबर

टर्नरकाकांच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचे सात डबे होते आणि एकातही बिस्कीट नव्हतं. एकात नट, दुसऱ्यात वायसर, तिसऱ्यात कार्बुरेटरचे तुकडे. काकू पाहुण्यांना आधीच बजावत, "डबा उघडलात तर चहाबरोबर बेअरिंग खावं लागेल."

हे सगळं एका गाडीसाठी. मळक्या दुधाच्या रंगाची, चौकोनी नाकाची गाडी. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांनीही तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. एकाने तर तोंडावर सांगितलं, "काका, जुनी आहे खरी, पण मिरवण्यासारखी नाही." काका आठवडाभर धुमसत होते. काकू मनात म्हणाल्या, माझ्यासारखीच की.

काकांनी पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं टर्नर म्हणून लेथवर धातू कातला. निवृत्त झाले तेव्हा मोडीत निघालेला छोटा लेथ घरी घेऊन आले. गाडीचं जे मिळेनासं होई, ते स्वतः करत. दाराची कडी, खिडकीचं हँडल, पंपाचा दांडा. लोखंड-पितळ त्यांचं ऐकायचं. रबर मात्र लेथवर होत नाही.

म्हणून तो सातवा डबा. त्यात ब्रेकच्या सिलिंडरमधल्या रबरी वाट्यांचा शेवटचा कोरा संच होता, काकूंच्या रुमालात गुंडाळलेला. पायाने दाबलेला ब्रेक चाकांपर्यंत पोहोचतो तो या वाट्यांच्या जोरावर.

अकरा वर्षांपूर्वी लॉन्ड्रीवाले हाच संच मागायला आले होते. गावात तशी दुसरी गाडी फक्त त्यांची. रस्त्यात गाठ पडली की दोघे दोनदा हॉर्न वाजवत. काका म्हणाले, "नाही हो. असता तर दिला नसता का?" काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या आणि डबा त्यांच्या पाठीमागेच होता. त्या दिवसापासून काका लांबच्या रस्त्याने जाऊ लागले आणि घरचे कपडे दुसऱ्या लॉन्ड्रीत.

यंदा गुरुवारी गाडीची तपासणी होती. नापास झाली तर नोंदणी कायमची रद्द, मग सरळ भंगार. आणि रविवारी ब्रेक पायाखाली खोल जाऊ लागला.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "डबा आहे."

त्यांनी रुमाल सोडला, वाटी चिमटीत धरून जराशी दाबली. कडेला तडा गेला.

"नवं आहे ना हो?" काकूंनी विचारलं.

"नवंच आहे. बसून बसून म्हातारं झालं."

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना आता तिला." काकांनी फोन ठेवला. जाऊन गाडीत बसून राहिले. काकूंनी तासभर वाट पाहिली, मग पिशवीत ब्लँकेट कोंबलं, वर तो डबा ठेवला.

"चला, लॉन्ड्रीत जायचंय."

"तिथे? कशाला?"

"ब्लँकेट धुवायला. आणि तुम्हालाही."

दुकानात वाफ कोंडली होती. "वहिनी!" लॉन्ड्रीवाले इस्त्री उभी करून म्हणाले, "आमच्या धुण्यात काय खोट निघाली, सांगा तरी!"

काकांनी डबा काउंटरवर ठेवला. "तुम्ही मागायला आलात तेव्हा हा माझ्याकडे होता."

लॉन्ड्रीवाल्यांनी वाटी वाकवली. तिचे दोन तुकडे झाले. "माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात आणि वहिनींच्या ट्रेमधले कप वाजले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मीही दिला नसता."

काकांनी चष्मा पुसला. मग राहवेना. "तुमची चालते कशी?"

"मालवाहू तीनचाकीचा दट्ट्या आणि रबरं. लहान पडतात, म्हणून सिलिंडरमध्ये पितळेची नळी बसवून घेतली. ती करणारा टर्नर यथातथाच. दर चार महिन्यांनी गळते."

"गळणारच. माप घ्यायला कॅलिपर आहे का?"

"लॉन्ड्रीत?"

काकू हसल्या. लॉन्ड्रीवाले हसले नाहीत. "रबरं आहेत माझ्याकडे, देतो. नळ्या तुम्ही करा, दोन. पण आधी माझी."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मध्ये तीन दिवस, एक लेथ, आणि एका नळीला दीड दिवस तरी हवा. एक चुकली की गुरुवार गेला.

"आधी तुमची," काका म्हणाले.

मंगळवारी दुपारी पहिली नळी बसली. दुसरी बुधवारी दिवेलागणीला. ब्रेक नीट आजमावून पाहायलाही वेळ उरला नाही. गुरुवारी तपासनीसाने ब्रेकवर सगळं वजन टाकलं, तेव्हा काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. गाडी जागच्या जागी थांबली. "कुठे मिळाले हो पार्ट?" त्याने शिक्का मारत विचारलं.

"लॉन्ड्रीत," काकू म्हणाल्या.

परतताना काकांनी जवळचा रस्ता धरला. समोरून चौकोनी नाक आलं. तिकडून दोन हॉर्न आले, इकडून दोन गेले. पुढे रस्ता मोकळाच होता, तरी काकांनी एकदा ब्रेक दाबून पाहिला.